एका यंत्रात अनेक यंत्रे : सर्व्हरची उभारणी आणि बिघाडाचे वाचन

‘परवानगीशिवाय संगणकास हात लावू नये’ ही संगणक कक्षाच्या दारावरची पाटी वाचतच आपल्यापैकी पुष्कळांचे शालेय शिक्षण झाले. त्या पाटीमागे कोणाचा दुष्टावा नव्हता. संगणक मोजके, मुले शंभरावर, आणि एखादे यंत्र बंद पडले की शहरातून दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत महिना उलटायचा. म्हणून शिक्षकांनी यंत्र जपले आणि मुलांनी ते लांबून पाहिले. परंतु यंत्राची विद्या नुसती पाहून येत नाही. ज्याच्या घरी संगणक होता त्याने तो दहा वेळा बिघडवला, दहा वेळा सुरू केला आणि त्या खटाटोपातच तो तयार झाला. वसतिगृहातील मुलाची बुद्धी त्याच्याहून उणी नव्हती. त्याला बिघडवण्याची मुभा नव्हती.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच आभासी यंत्र, ही मुभा देते. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक उभे करता येतात. त्यातला एक मुलाच्या हातून पार कोलमडला, तरी पाच-दहा मिनिटांत तो पूर्वस्थितीत आणता येतो आणि शेजारच्याला त्याचा धक्काही लागत नाही. असा संगणक कसा उभा करावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो अडला की काय पाहावे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. जे माजी विद्यार्थी आज याच क्षेत्रात नोकरी करतात त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद ओलांडून गेले तरी चालेल. ते पालकांसाठी आहेत.

‘सर्व्हर’ या शब्दाभोवती उगाचच गूढ वलय निर्माण झाले आहे. मागेल त्याला मागेल ते देण्यासाठी सतत जागा राहणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. ग्रंथालयाच्या खिडकीशी आपण चिठ्ठी देतो आणि ग्रंथपाल पुस्तक काढून देतात. सर्व्हरचे काम याच जातीचे आहे. त्याला मात्र अनेक खिडक्या असतात आणि त्यांना क्रमांक असतात. वेबपान मागायचे तर ८० किंवा ४४३ क्रमांकाची खिडकी, दुरून यंत्राचा कारभार पाहायचा तर २२ क्रमांकाची. या खिडक्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. हे क्रमांक ध्यानात ठेवावेत, पुढे बिघाड शोधताना ते उपयोगी पडतील.

आभासी यंत्र समजण्यासाठी आपल्याला वसतिगृहासारखे दुसरे उदाहरण नको. इमारत एक, पाण्याची टाकी एक, वीजजोडणी एक. पण खोल्या वेगळ्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र कुलूप. कोणत्या खोलीला काय आणि किती द्यावे हे अधीक्षक ठरवतात. संगणकात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांची अशी वाटणी करणाऱ्या प्रणालीला ‘हायपरव्हायझर’ म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्तीही आपल्या परिचयाची आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला पूर्वी ‘सुपरव्हायझर’, म्हणजे अधीक्षक, म्हणत असत. त्या अधीक्षकांवर देखरेख करणारा तो हायपरव्हायझर. ज्या खऱ्या संगणकावर हे सारे चालते त्याला यजमान आणि आतील यंत्रांना पाहुणे म्हणण्याचा प्रघात आहे.

माझा विषय इतिहास असल्याने या कल्पनेच्या जन्माकडे वळल्यावाचून राहवत नाही. १९६० च्या दशकात संगणक खोलीभर असे, अतोनात महाग असे, आणि वापरणाऱ्यांनी छिद्रे पाडलेली कार्डे आत देऊन निकालाची वाट पाहत बसावे अशी रीत होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखालील गटाने ‘सीपी-४०’ ही प्रणाली घडवली आणि जानेवारी १९६७ मध्ये ती प्रत्यक्ष वापरात आली. मुद्दाम फेरफार केलेल्या ‘सिस्टीम/३६० मॉडेल ४०’ या एका संगणकावर ती १४ आभासी यंत्रे चालवू शकत होती, आणि प्रत्येकात २५६ किलोबाइट स्मृती असल्याचे दिसे. आज एका साध्या छायाचित्रालाही याहून अधिक जागा लागते. पण त्या केंद्रातील प्रत्येक संशोधकाला ‘हा संगणक माझा एकट्याचा’ असे प्रथमच म्हणता आले. म्हणजे दुर्मीळ यंत्र अनेकांच्या हाती कसे द्यावे हाच प्रश्न तेथेही होता. १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ या नावाने ही सोय आपल्या ग्राहकांना खुली केली.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राच्या अटी शास्त्रशुद्ध रीतीने मांडल्या. आतील कार्यक्रम खऱ्या यंत्रावर चालतो तसाच चालावा; बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरनेच पार पाडाव्यात, म्हणजे वेग फारसा घटू नये; आणि साधनसामग्रीवरील ताबा पूर्णपणे वरच्या नियंत्रकाकडे राहावा. घराघरांत पोहोचलेल्या इंटेल घराण्यातील प्रोसेसरांना मात्र ही शेवटची अट नीट पाळता येत नव्हती. त्यांच्या काही आज्ञा अशा होत्या की पाहुण्या यंत्राने त्या परस्पर उच्चारल्या तरी नियंत्रकाला पत्ताच लागत नसे. विद्यार्थ्याने मुख्य दरवाजाची किल्ली फिरवावी आणि अधीक्षकांना ते कळूच नये, तसे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने अशा आज्ञा चालता चालता बदलण्याची युक्ती काढून ही अडचण ओलांडली. २००५ च्या अखेरीस इंटेलने आणि त्यानंतरच्या वर्षी एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी तरतूद केली. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ची भर पडली आणि ही विद्या फुकटात उपलब्ध झाली. आपल्यासारख्या संस्थेच्या दृष्टीने हे शेवटचे साल सर्वांत मोलाचे आहे.

आता उभारणीकडे वळू. यासाठी नवा, महाग सर्व्हर घेण्याचे कारण नाही. कार्यालयातून काढून टाकलेला, चार गाभ्यांचा प्रोसेसर असलेला डेस्कटॉप पुरतो. त्यात रॅम वाढवून १६ जीबी करावी आणि जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. माजी विद्यार्थी संघाने देणगी द्यायचे ठरवलेच तर नव्या पडद्यांपेक्षा रॅम द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या संगणकावर विंडोज आहे आणि केवळ शिकायचे आहे, तेथे ‘व्हर्च्युअलबॉक्स’ बसवणे सोपे जाते. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरसाठी मात्र ‘प्रॉक्समॉक्स’सारखी प्रणाली थेट रिकाम्या संगणकावर बसवावी, ती केव्हीएमवरच आधारलेली असून तिचा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून पाहता येतो.

वाटणीचा हिशेब आधी कागदावर करावा. १६ जीबीपैकी ४ जीबी यजमानाला राखून ठेवावी. वाचनालयाच्या यंत्राला २ आणि कार्यालयीन दस्तऐवजांच्या यंत्राला २ द्यावी. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी प्रत्येकी १ जीबीची सहा यंत्रे करावीत आणि उरलेली २ जीबी शिल्लक असू द्यावी. प्रोसेसरची वाटणी थोडी सैल चालते, कारण सर्व यंत्रे एकाच क्षणी राबत नाहीत. रॅमचे तसे नाही. टाकीत नाही ते पाणी वाटायला निघाले की सगळ्याच खोल्या कोरड्या पडतात. आतील यंत्रांवर ‘डेबियन’ ही लिनक्सची आवृत्ती चित्रमय पडद्याविना बसवली तर १ जीबीत ती सुखाने नांदते. पाहुण्या यंत्रात विंडोज बसवायचे असेल तर त्याचा वेगळा परवाना लागतो, हेही लक्षात असावे.

एका यंत्राकडे एकच काम सोपवावे. वाचनालयाच्या यंत्रावर ‘किविक्स’ बसवले की मराठी विकिपीडियाची संपूर्ण प्रत इंटरनेटविना सर्व वर्गांत वाचता येते. दस्तऐवजांचे यंत्र सर्वस्वी वेगळे ठेवावे. त्यावर जनरल रजिस्टरच्या पानांच्या प्रतिमा असतील, आणि जात पडताळणी समितीपुढे वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेतील त्या एका ओळीला केवढे वजन असते, हे पालकांना सांगावयास नको. ते यंत्र विद्यार्थ्यांच्या जाळ्याला जोडू नये, इंटरनेटवर तर कदापि उघडे ठेवू नये.

पहिलीच ठेच बहुधा येथे लागते: यंत्र तयार केले, सुरू केले आणि ते सुरूच होत नाही, किंवा व्हर्च्युअलबॉक्स केवळ ३२ बिटांचे पर्याय दाखवतो, ६४ बिटांचे गायब. कारण प्रोसेसरमधील ती तरतूद कारखान्यातूनच बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या यंत्रात ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एसव्हीएम’ हा पर्याय चालू करावा. विंडोजवर आणखी एक गंमत घडते. विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर आधीच जागा असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चिन्ह दिसते. यंत्र चालते, पण कासवाच्याच गतीने.

यापुढील बिघाड इतके सरळ नसतात, आणि येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे शिक्षण कामी येते, असा माझा अनुभव आहे. ‘नेट गेले’, ‘सर्व्हर बसला’ ही वर्गातून येणारी वार्ता म्हणजे मौखिक परंपरा. तिची नोंद घ्यावी, पण तिला पुरावा मानू नये. अस्सल साधन म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली रोजनिशी, तिला ‘लॉग’ म्हणतात. लिनक्समध्ये ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. पुष्कळजण ही रोजनिशी उघडण्याआधीच यंत्र बंद-चालू करतात, दोन सेटिंग बदलतात, तिसरीकडे काहीतरी पुसतात; त्यानंतर यंत्र चालू झाले तरी ते कशाने चालले हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो आधी वहीत लिहून मग करावा. सर्व्हरशेजारी दोरीने बांधलेली शंभर पानी वही हे मी कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठे साधन मानतो.

रोजनिशी वाचताना कालगणना तपासावी. शकाच्या अंकात ७८ मिळवल्यावाचून जुन्या कागदाचा इसवी सनाशी मेळ बसत नाही. तसेच पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत नोंदी करतात आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. सकाळी १० वाजता घडलेला बिघाड लॉगमध्ये ४:३० ला सापडतो. आभासी यंत्राची आणखी एक खोड अशी की ते काही काळ थांबवून ठेवले तर त्याचे घड्याळ तेवढेच मागे राहू शकते. मग संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अद्याप वैध नाहीत’ अशी विचित्र तक्रार येते आणि माणूस दिवसभर जाळ्यात दोष शोधत बसतो. ‘एनटीपी’ या सेवेने घड्याळ आपोआप जुळते राहते. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

सर्वाधिक तक्रारी जोडणीच्या असतात. यंत्र सुरू आहे, त्यातून इंटरनेटही दिसते, पण वर्गातील दुसऱ्या संगणकाला ते सापडत नाही. अशा वेळी पाहुण्या यंत्राचा पत्ता पाहावा. तो १०.०.२.१५ असेल तर उलगडा तेथेच होतो: व्हर्च्युअलबॉक्सने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ‘नॅट’ प्रकारची जोडणी दिली आहे. या जोडणीत आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत येता येत नाही. सर्व्हरला ‘ब्रिज्ड’ जोडणी द्यावी. मग राउटर त्याला इतर संगणकांसारखाच स्वतंत्र पत्ता देतो. वाय-फायवर ही जोडणी अनेकदा रुसते, म्हणून यजमान संगणकाला तारच लावावी. पत्त्याची सुरुवात १६९.२५४ अशी दिसली, तर पत्ता देणाऱ्यापर्यंत यंत्राची हाकच पोहोचलेली नाही. तार, स्विच आणि राउटर पाहावेत. सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवून घ्यावा. नाहीतर राउटर बंद होऊन सुरू झाला की आपले वाचनालय दुसऱ्याच पत्त्यावर राहायला गेलेले असते आणि मुले जुन्या दारावर थाप मारत बसतात.

पत्ता बरोबर असूनही पान उघडत नाही, तेव्हा उत्तर काय येते याकडे बारकाईने पाहावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, म्हणजे जोडणी नाकारली, असे तत्काळ आले तर ती निम्मी आनंदाची बातमी समजावी. आपली हाक त्या यंत्रापर्यंत पोहोचली; बहुधा त्या क्रमांकाच्या खिडकीशी कोणी बसलेले नाही, एवढेच. सेवा बंद पडली असेल, किंवा ती केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्याच घरात, ऐकत असेल. याउलट बराच वेळ काहीच न घडता शेवटी ‘टाइम्ड आउट’ आले, तर हाक वाटेतच विरली आहे. पत्ता चुकीचा असेल, यंत्र बंद असेल, किंवा फायरवॉल निमूटपणे हाका गिळत असेल. नकार आणि मौन यांतला हा फरक ज्याला कळला त्याचा निम्मा शोध संपला. उरलेला शोध पायरीपायरीने करावा. ‘पिंग’ या आज्ञेने आधी स्वतःच्या पत्त्याला, मग राउटरला, मग दुसऱ्या संगणकाला हाक द्यावी आणि शेवटी नावाने हाक मारून पाहावी. आकड्याने ओ येते आणि नावाने येत नाही, तर दोष नावांच्या यादीत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे.

एक बिघाड फारच फसवा असतो. यंत्राची हुबेहूब प्रत काढून दुसरे यंत्र केले की कधीकधी नेटवर्क कार्डाचा ‘मॅक’ क्रमांकही तोच राहतो. मग दोन्ही यंत्रे कधी चालतात, कधी चालत नाहीत, आणि एक बंद केले की दुसरे एकाएकी शहाण्यासारखे वागू लागते. दोन मुलांना एकच हजेरी क्रमांक दिल्यावर वर्गात जे होईल तेच येथे होते. प्रत काढताना नवा मॅक क्रमांक देण्याचा पर्याय निवडावा.

डिस्क आणि रॅम यांचे बिघाड हळूहळू येतात. आभासी डिस्क ५० जीबीची दिसली तरी यजमानावर ती सुरुवातीला लहान असते आणि गरजेप्रमाणे फुगत जाते. अशा पाच डिस्क २०० जीबीच्या एसएसडीवर ठेवल्या की वर्षभर सर्व आलबेल असते, आणि एके दिवशी यजमानाची जागा संपून आतील यंत्रे जागच्या जागी गोठतात. आत पाहावे तर अजून जागा शिल्लक! म्हणून ‘डीएफ’ ही जागा मोजणारी आज्ञा आत आणि यजमानावर, दोन्हीकडे चालवावी. रॅम संपली तर लिनक्स एखादा कार्यक्रम स्वतःच मारून टाकते आणि रोजनिशीत ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद करते. रात्री कोणी हात न लावता सेवा बंद पडली असेल तर प्रथम हेच शब्द शोधावेत.

वीज हा आपल्याकडचा स्वतंत्र अध्याय. यूपीएस काही मिनिटेच साथ देतो. तेवढ्यात आतील यंत्रे रीतसर बंद व्हावीत म्हणून यूपीएसची केबल यजमानाला जोडून तशी आज्ञा देऊन ठेवावी. वीज परत आल्यावर यजमान उठतो, पण पाहुणे झोपूनच राहतात, ही तक्रार ऐकू येते तेव्हा शोध घेण्यासारखे काही नसते. ‘यजमानासोबत सुरू व्हावे’ हा पर्याय प्रत्येक यंत्रासाठी निवडावा लागतो.

विद्यार्थ्यांच्या यंत्रांसाठी ‘स्नॅपशॉट’ ही सोय वरदान आहे. यंत्राची त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवायची, मग मुलांना हवे ते करू द्यायचे. शिक्षकांनी मुद्दाम दोष पेरून यंत्र द्यावे आणि मुलांनी रोजनिशी वाचून तो शोधावा, हा तासभराचा पाठ दहा व्याख्यानांवर भारी पडतो. एखाद्या मुलीने डिस्कच पुसून टाकली तरी रागावण्याचे कारण नाही. स्नॅपशॉटकडे परतायचे आणि नेमकी कोणती आज्ञा दिली होती ते तिच्याकडून वहीत लिहून घ्यायचे.

हा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो आणि त्याच एसएसडीवर राहतो. एसएसडी गेली की दोन्ही जातात. शिवाय जुने स्नॅपशॉट तसेच पडू दिले तर तेही जागा खात फुगतात. सरावाच्या यंत्रांचे काही अडणार नाही. दस्तऐवजांच्या यंत्राच्या मात्र एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक शाळेच्या आवाराबाहेर, कुलूपबंद असावी. प्रत निघाल्याचा हिरवा संदेश पाहून समाधान मानू नये. दरवर्षी जूनमध्ये नवे प्रवेश संपले की ती प्रत दुसऱ्याच संगणकावर उतरवावी, यंत्र सुरू करावे, जनरल रजिस्टरचे कोणतेही एक जुने पान उघडावे आणि कपाटातील मूळ रजिस्टर शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि प्रवेश क्रमांक ताडून पाहावा.